मनोऱ्याची पश्चिम बाजू

डोळ्यांवरची पट्टी सुटली तेव्हा ओळंबाबाईने डॉक्टरणीकडे पाहिलं नाही, शेजारी उभ्या असलेल्या लेकीकडेही पाहिलं नाही. तिने समोरची भिंत पाहिली आणि म्हणाली, "हा कोपरा बाहेर गेलाय. चांगला बोटभर."

"म्हणजे ऑपरेशन झकास झालं म्हणायचं," डॉक्टरीण हसली.

"ऑपरेशन झकासच झालंय. गिलावा कोणी केलाय त्याला बोलवा."

लेकीने कपाळाला हात लावला.

ओळंबाबाई हे काही तिचं जन्माचं नाव नव्हे. ओळंबा म्हणजे गवंड्याचं दोरीला बांधलेलं वजन. भिंतीलगत सोडलं की भिंत सरळ आहे की कललीय ते कळतं. हिला ते वजन लागत नसे. लांब उभी राहून एक डोळा मिटायची आणि सांगायची, "झुकलीय." बाकीच्यांनी ओळंबा सोडून पाहावा, तर झुकलेलीच असायची. त्यामुळे बांधकामावर तिला मान होता, आणि मानाइतकेच शत्रूही होते. बेचाळीस वर्षं तिने भिंती चढवल्या, कमानी वळवल्या, पायऱ्या बसवल्या. आणि बेचाळीस वर्षं हजेरीपुस्तकात तिच्या नावापुढे एकच शब्द पडत राहिला: बिगारी. म्हणजे घमेली वाहणारी. थापी धरतो तो गवंडी, आणि गवंडी म्हटला की पुरुष, हे कोणी ठरवलं कुणास ठाऊक. ठरवणाऱ्याने आयुष्यात एक पायरी बांधली नसणार, एवढं मात्र नक्की. ती दोनदा मुकादमाशी भांडली. एकदा तर त्याचं हजेरीपुस्तक उचलून चुन्याच्या हौदात टाकलं. दुसऱ्या दिवशी नवं पुस्तक आलं. त्यातही बिगारीच.

म्हातारपणी मोतीबिंदूने दोन्ही डोळे धरले आणि ती लेकीच्या घरी येऊन बसली. लेक इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला, जावई रंगारी. गवंडीण सासू आणि रंगारी जावई एका छपराखाली, म्हणजे रोजची कुस्ती. तिचं म्हणणं, रंगारी म्हणजे दुसऱ्याच्या चुकीला पावडर फासणारा. त्याचं म्हणणं, रंग उडतो तो गवंड्याच्या ओल्या भिंतीमुळे, आणि शिव्या खातो रंगारी. दोन वर्षं तिला भिंत धूसर दिसत होती म्हणून घरात जरा शांतता होती. आता तीही संपली.

"बोल आई, काय बघायचंय तुला?" दवाखान्यातून घरी येताना लेकीने विचारलं. "डोळे नवे मिळालेत. समुद्रावर जाऊ? मोठ्या बागेत जाऊ?"

"मनोरा."

"कुठला मनोरा?"

"किती मनोरे बांधलेत तुझ्या बापाने? तोच. माळावरचा."

जावई म्हणाला, "सासूबाई, दोन तासांचा रस्ता आहे. आणि तिथे आहे काय? एक दगडी खांब आणि चार मेंढ्या."

"तुमचा रंग दोन पावसाळे टिकत नाही जावईबुवा. तो खांब चारशे वर्षं उभा आहे. जरा बघून या, काही शिकाल."

रविवार ठरला. लेकीने पाव, उकडलेली अंडी, सफरचंदं आणि चहाचा थर्मास घेतला. जावयाने गाडीतून रंगाचे डबे उतरवले, वास काही उतरला नाही. पुढच्या लांब सीटवर तिघं दाटीवाटीने बसले. ओळंबाबाई खिडकीशी बसली आणि शहर संपेपर्यंत बोलत राहिली: हे छप्पर बसणार, ही भिंत कोणा आंधळ्याने चढवलीय, अरे वा, ही कमान बघ. शहर संपलं, कुंपणं आणि कापणी झालेली शेतं सुरू झाली, तशी ती गप्प झाली. पाहण्यासारखं बांधकामच उरलं नव्हतं, असं लेकीला वाटलं. खरं कारण वेगळं होतं.

तीस वर्षांपूर्वी सरकारने त्या मनोऱ्याची दुरुस्ती काढली तेव्हा ती आणि तिचा नवरा तिथे एक हिवाळा आणि एक अख्खा उन्हाळा राहिले होते. दोन दगडांमधल्या रिकाम्या झालेल्या फटी खरवडून नवा चुना भरायचा, असं काम. गवंडी त्याला दर्जा भरणं म्हणतात. आपण सांधे म्हणू. कामावर गवंडी म्हणून नवरा, बिगारी म्हणून ती. आता नवरा कसबी माणूस, हातात जादू. पण दुसऱ्या मजल्याच्या वर गेला की त्याला भोवळ यायची. जमिनीवर वाघ, परांचीवर मांजर. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती आणि दोघांनीच ती निभावली. मुकादमाची पाठ वळली की ती थापी घेऊन वर जायची आणि तो खाली बसून चुना कालवायचा. ओव्हरसियरची मोटार माळावर दिसली की ती वरून शीळ घालायची. मग हा जिन्याने कसाबसा वरच्या दारापर्यंत यायचा, चौकट घट्ट धरून डोळे मिटायचा आणि साहेब जे म्हणेल त्याला "हो साहेब" म्हणायचा. साहेब खूश: गवंडी किती नम्र आहे!

म्हणजे मनोऱ्याचा वरचा मजला सगळा तिच्या हातचा. हे ती घरात शंभरदा सांगून बसली होती. लेक "हो गं आई" म्हणायची, त्या "हो"मध्ये अर्धा विश्वास असायचा. जावई विचारायचा, "पाया पण तुम्हीच खणलात का?"

पण त्यातली एक गोष्ट तिने शंभरदा सोडा, एकदाही सांगितली नव्हती.

पश्चिमेचं तोंड वाऱ्यापावसाचं. ते शेवटी राहिलं, आणि आभाळ भरून यायला लागलं. चुन्याला दम लागतो. भरायचा, ओलं गोणपाट झाकायचं, रोज पाणी मारायचं, आठवडाभर वाट पाहायची. नवरा खालून ओरडायचा, "घाई करू नको गं, त्याला त्याच्या वेळाने धरू दे." तिला दम कुठला! तिने शहरात नव्या इमारतींवर सिमेंट पाहिलं होतं. आज भरा, उद्या छिन्नी लागत नाही. काय ती वस्तू! आणि इथे आपण गुहेतल्या माणसांसारखा चुना कालवत बसलोय. ज्या मनोऱ्यावर आपण एवढे महिने जीव टाकला त्याला सगळ्यांत भारी वस्तू द्यावी, असं तिच्या मनाने घेतलं. आवाराच्या भिंतीसाठी आणलेल्या सिमेंटमधून तिने अर्धं पोतं उचललं. घमेल्यात खाली सिमेंट, वर चुन्याचा थर, असं चार दिवस वर नेलं. रंग जुळावा म्हणून त्यात त्याच पिवळ्या दगडाची पूड मिसळली. इतकं बेमालूम काम, की ओव्हरसियर बोट फिरवून गेला आणि त्याला काही कळलं नाही. नवऱ्यालाही नाही. तो वर येणार होता थोडाच!

पुढे अठरा वर्षं तिला त्या चार दिवसांचा अभिमान होता. मग एका जुन्या पुलाच्या कामावर एक म्हातारा चुनेवाला भेटला. त्याने तिला पुलाची एक बाजू दाखवली. तिथे कोणीतरी सांध्यांत सिमेंट भरलं होतं. सांधे जसेच्या तसे, आणि मधले दगड उंदराने कुरतडलेल्या पावासारखे. म्हातारा म्हणाला, "भिंत पाणी पिते आणि घामावाटे टाकते. तो घाम चुन्यातून येतो. चुना झिजतो, गळतो, दर पिढीला नवा भरावा लागतो. झिजायलाच तर तो असतो. ह्या शहाण्याने घामाची वाट बुजवली. आता पाणी दगड फोडून बाहेर येतंय." तिने मान डोलावली, हो हो, काय एकेक लोक असतात, म्हणाली आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

त्यानंतर बारा वर्षं ती मनाला समजावत आली होती. पूल पाण्यात असतो, मनोरा माळावर आहे. तो दगड वेगळा असेल. चार दिवसांचं तर काम. मग डोळेच गेले, तेव्हा विषय मिटला. आता डोळे परत आले होते आणि विषयही.

मनोरा लांबूनच दिसला. माळाच्या कडेला, पिवळा, चौकोनी, वर एक अरुंद मजला आणि त्याभोवती फिरायला सज्जा. जुन्या काळी इथून शत्रूवर नजर ठेवायचे आणि संकट दिसलं की जाळ करायचे. आता खाली मेंढ्या चरत होत्या. जावई म्हणाला, "बघा, चार म्हणालो होतो, सहा निघाल्या."

ओळंबाबाईने एक डोळा मिटला. "सरळ आहे," ती म्हणाली आणि इतका वेळ धरलेला श्वास सोडला.

दाराशी रखवालदार होता. पन्नाशीचा, गळ्यात किल्ल्या, बूट चकचकीत. तो नियमांवर प्रेम करणारा माणूस आहे हे त्याच्या पहिल्याच वाक्यात कळलं. "एका वेळी पाचांपेक्षा जास्त नाही. भिंतीला टेकायचं नाही. वर कागद टाकायचे नाहीत. तुम्ही तिघं आहात, ठीक आहे."

"बरं झालं आम्ही सहा नाही आलो," जावई म्हणाला. "तुमच्या मेंढ्यांसारखे."

रखवालदार हसला नाही.

आत गेल्यावर डाव्या हाताला संगमरवरी पाटी होती. लेक वाचायला लागली. दुरुस्तीचं साल, मंत्र्यांचं नाव ठळक, मुख्य अभियंता, ठेकेदार. सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, गवंड्याचं नाव. "आई! बाबांचं नाव आहे गं!" तिने अक्षरांवरून बोट फिरवलं. तिचे डोळे भरून आले. बापाचं नाव दगडावर कोरलेलं पाहायचा प्रसंग धोबीखान्यातल्या बाईच्या वाट्याला रोज येत नाही.

जावयाने टोपी काढली. मग खोडी काढल्याशिवाय राहवेना. "पण सासूबाई, वरचा मजला तुमचा ना? इथे तर काही लिहिलेलं नाही."

"पाटी लिहिणारा परांचीवर चढला होता का?"

"नाही, तसं नाही..."

"मग?"

पाटीच्या पलीकडे ताडपत्रीखाली पोती रचलेली होती. ओळंबाबाईने पायाने ताडपत्रीचं टोक वर केलं. सिमेंट. चाळीस-पन्नास पोती सहज.

"हे कशाला?"

"उद्यापासून दुरुस्ती आहे," रखवालदार म्हणाला. "चला, आधी वर चला. गुडघे जपून. पायऱ्या चौऱ्याण्णव आहेत."

"शहाण्णव आहेत. तळातल्या दोन मातीखाली गेल्यात."

रखवालदाराने तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

जिना अरुंद होता, दगड मधोमध झिजून गुळगुळीत झालेले. ती दर दहा पायऱ्यांनी थांबायची आणि थांबण्याचं निमित्त म्हणून काहीतरी दाखवायची. रखवालदार मागून पाठ केलेलं बोलत होता. एकदा एका पहारेकऱ्याने इथून सतरा मैलांवरचं सैन्य ओळखलं, वगैरे. जावयाने विचारलं, "त्याचं पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं का?"

वरचं दार पूर्वेकडे उघडत होतं. सज्ज्यावर आल्यावर वारा अंगावर आला आणि सगळा माळ पायाखाली पसरला. लेक कठड्याला धरून "अगं बाई, काय सुंदर!" म्हणत राहिली. ओळंबाबाईने माळाकडे पाठ केली. ती भिंत बघत होती.

पूर्वेचे सांधे झिजले होते. काही ठिकाणी चुना बोटभर आत गेला होता, एका फटीत कसलंसं रानगवत उगवलं होतं. पण दगड! कडा धारदार, अंग गुळगुळीत, काल घडवल्यासारखे. तिने तळवा टेकवला.

"टेकायचं नाही," रखवालदार म्हणाला.

"टेकत नाहीये. हालहवाल विचारतेय."

दक्षिणेला तेच. चुना दमलेला, दगड तरणेबांड. तिच्या मनात आशेने डोकं वर काढलं. माळावर आहे मनोरा, पुलासारखा पाण्यात थोडाच आहे. ती कोपऱ्यावरून वळली.

पश्चिमेची भिंत म्हणजे एक जाळं झालं होतं. सांधे तेवढे होते, सरळ, टणक, भिंतीच्या बाहेर आलेले, म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरांसारखे. आणि त्यांच्या मधोमध दगड नव्हतेच म्हटलं तरी चालेल. नुसत्या खोबणी. काही तळहातभर खोल. सज्ज्याच्या फरशीवर पिवळा भुगा पडला होता, वारा त्याच्याशी खेळत होता.

"आई!" लेक मागून आली आणि ओरडलीच. "बघ ना! तुझं काम! सगळा दगड गेला, पण तू भरलेलं जसंच्या तसं आहे!"

"हे यांनी भरलंय?" रखवालदाराने विचारलं. आता त्याचा आवाज बदलला. "मावशी, साहेब गेल्या महिन्यात आले होते, इथे अर्धा तास उभे होते. हातोडीने ठोकून पाहिलं. म्हणाले, मनोऱ्याचा दगडच कुचका, पण सांधे बघा, टवका निघत नाही. जुन्या लोकांचा मसाला. चुन्यात अंडी घालायचे म्हणे. आता कोणाला ते जमायचं नाही, तेव्हा असंच घट्ट सिमेंट आणा आणि चारी बाजू भरून टाका. म्हणून तर उद्यापासून काम. ही बाजू नमुना धरलीय त्यांनी."

नमुना. बेचाळीस वर्षांत तिच्या कामाला कोणी नमुना म्हटलं नव्हतं.

तिने केसातला आकडा काढला आणि एका सांध्यावर ओढला. पिवळ्या पुडीखाली राखाडी रेघ उमटली. तीस वर्षांत त्या सांध्यावर ओरखडा पडला नव्हता. शेजारच्या दगडाला बोट लागलं तर त्याचा पापुद्राच सुटून हातात आला. तिने मूठ मिटली.

"आई, बोल की काहीतरी," लेक म्हणाली.

"वारा फार आहे. खाली जाऊ."

खाली येऊन ते मनोऱ्याच्या सावलीत गवतावर बसले. मेंढ्या जरा सरकल्या. लेकीने पाव कापले, अंडी सोलली, कागदात मीठ होतं ते उघडलं. ओळंबाबाईने अंडं हातात घेतलं आणि तसंच धरून बसली. लेकीला वाटलं गुडघे दुखतायत.

जावई बराच वेळ चहा फुंकत होता. मग त्याने पेला खाली ठेवला. "आई," तो म्हणाला. एरवी सासूबाई म्हणणारा माणूस. "एवढी वर्षं तुमची चेष्टा केली. चुकलं माझं. मला वाटायचं, तुम्ही जरा वाढवून सांगता. पण आज तुम्ही ज्या तऱ्हेने कोपरा वळून थेट त्या भिंतीशी गेलात ना, कळलं मला. आणि काम म्हणजे पोलाद आहे हो. मी मानलं."

हे ऐकायला ती किती वर्षं थांबली होती! हे वाक्य तिने रात्रंदिवस मनात लिहून ठेवलं होतं, त्याच्या तोंडी घालून पाहिलं होतं, त्यावर काय टोला हाणायचा तेही ठरवून ठेवलं होतं. आता वाक्य समोर आलं आणि टोला आठवेना.

गप्प बसणं अगदी सोपं होतं. कोणाला काही ठाऊक नव्हतं. नवरा गेला, ओव्हरसियर गेला, चुनेवालाही गेला असेल. साहेबाने दोष दगडाला दिला होता, दगड काही उलट बोलणार नव्हता. ती घरी जाईल, जावई शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगेल, लेकीच्या "हो गं आई"मधला अर्धा अविश्वास जाईल. आणि उद्या सकाळी पन्नास पोती फुटतील. पूर्व, दक्षिण, उत्तर. ते तरणेबांड दगड. आणखी तीस वर्षांनी कोण तिथे जाईल, आणि काय बघेल?

तिने मुठीतला पापुद्रा जावयासमोर धरला. "जावईबुवा, तुमच्या धंद्यातलं विचारते. ओल्या भिंतीवर घट्ट तेलरंग मारला तर काय होतं?"

"ओल कोंडते. रंगाला फोड येतात, नाहीतर खालचा गिलावा सुटतो. हे तर आपलं रोजचंच भांडण आहे."

"आणि रंग इतका घट्ट असला की त्याला फोड येणार नाही, तर?"

"मग गिलावाच मरणार." तो थांबला. त्याने पापुद्रा बोटांत चुरला, वर सज्ज्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आई, तो चुना नव्हता?"

"अर्धं पोतं सिमेंट. चोरून नेलं होतं. नवऱ्यापासूनही."

लेकीच्या हातातली सुरी थांबली. एका मेंढीने कागदातलं मीठ चाटलं, तिला कोणी हाकललं नाही.

"दगड कुचका नाही," ओळंबाबाई म्हणाली. "दगड उत्तम आहे. त्याला मी मारलंय. आणि आता हे लोक उरलेल्या तिन्ही बाजूंचे दगडही मारणार, माझंच बघून." ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "चल, मला त्या किल्लीवाल्याकडे ने."

रखवालदाराची खोली दाराच्या बाजूला, लाकडी, एक टेबल आणि एक खुर्ची मावेल एवढी. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मावशी, मी रखवालदार. साहेबांनी सांगितलेलं काम मी तोंडी कसं थांबवू? मजूर सकाळी सातला येणार."

"मग साहेबाला फोन लावा."

"रविवारी? नियम नाही."

"नियम, नियम! मनोरा पडला तर नियमाला टेकून उभा राहणार का?" तिचा पारा चढला. तिने पापुद्र्याचा उरलेला तुकडा टेबलावर आपटला, त्याचा भुगा झाला.

"भिंतीचा तुकडा काढणं गुन्हा आहे," रखवालदार म्हणाला.

"काढला नाही! हातात आला! तेच तर ओरडून सांगतेय मी तुम्हाला!"

रखवालदार त्या भुग्याकडे बघत राहिला. कठोर माणूस नव्हता तो. सतरा वर्षं रोज सकाळी सज्ज्यावरचा पिवळा भुगा तोच झाडत होता. त्याने बोटाने भुगा एका बाजूला गोळा केला, खुर्चीत जरा सरळ बसला आणि हळूच म्हणाला, "तोंडी नाही थांबवता येत. लेखी आलं तर गोष्ट वेगळी. बांधकामाबद्दल लेखी तक्रार असली की साहेबांनी स्वतः येऊन पाहणी केल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. तसा नियम आहे."

"मग आधी नाही का सांगायचं!"

त्याने खणातून तक्रारवही काढली, धूळ झटकली. तीन तक्रारी होत्या, तिन्ही मेंढ्यांबद्दल.

"आई, थांब," लेक मध्ये आली. ती आतापर्यंत दारात उभी होती. "आत पाटीवर बाबांचं नाव आहे. गवंडी म्हणून त्यांचं एकट्याचं. तू तक्रार केलीस की उद्या लोक म्हणणार, ह्याने वाट लावली मनोऱ्याची. ते तर जन्मभर चुना, चुना करत गेले."

"म्हणूनच नीट लिहायला हवं. त्याच्या नावावर चांगलं काम गेलं, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. म्हणजे वाटलं, खोटं कशाला बोलू. पण माझं वाईट काम त्याच्या नावावर नाही जाऊ द्यायचं."

लेकीने खुर्ची ओढून आईपुढे सरकवली.

रखवालदाराने पेन उघडलं. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. "व्यवसाय?"

"गवंडी."

त्याने मान वर केली. ओळंबाबाईने भुवई उचलली. त्याने लिहिलं.

"तक्रार कोणाविरुद्ध?"

"वर नाव लिहिलंत ना? तेच परत लिहा."

"असं कसं? तक्रार करणारा आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो एकच?"

"रकाने वेगवेगळे आहेत ना?"

"आहेत."

"मग भरा की. नियमात कुठे लिहिलंय, एकच माणूस दोन रकान्यांत बसत नाही म्हणून?"

रखवालदाराने खरोखरच वहीच्या पहिल्या पानावरचे नियम वाचून पाहिले. लिहिलेलं नव्हतं. जावई तोंड फिरवून हसला, मग त्याने खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं. त्यावरून तो हसलाच असेल असं काही सांगता येत नाही.

तपशिलाला वेळ लागला. ती सांगत होती, रखवालदार लिहीत होता: सिमेंट कसं नेलं, पूड कोणती मिसळली, आता काय करायचं. बारीक छिन्नीने, घाई न करता, एकेक सांधा मोकळा करायचा. हातोडा जोरात मारला तर उरलेला दगडही जाईल. मग चुना. ओलं गोणपाट. आठवडाभर पाणी.

"पाहणीला साहेब पंधरा दिवसांत येतील," रखवालदार म्हणाला. "तुम्हाला बोलावतील."

"येईन. चढायला वेळ लागेल, तेवढं साहेबाला सांगून ठेवा."

"मी आणीन त्यांना," जावई म्हणाला.

रखवालदाराने घसा साफ केला आणि लिहिलेलं पहिल्यापासून वाचून दाखवलं. त्याला वाचायला आवडत होतं. "...वरच्या मजल्याच्या पश्चिम बाजूचे दगडांचे सात थर सदर गवंड्याने..."

"आठ."

"सात आहेत मावशी. रोज बघतो मी."

"वळचणीखाली एक आहे. पन्हळीच्या मागे. सज्ज्यावरून दिसत नाही, हात घालून पाहावं लागतं."

"कोणी बघणार नाही तिथे."

"मी बघितलंय."

त्याने वहीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "खाडाखोड केली तर शेजारी सही लागते."

"आणा इकडे," ती म्हणाली आणि पेन घेतलं.